वर कोण गेलं, खाली कोण थांबलं

मागच्या अंकात पावागडच्या दगडाबद्दल जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यावरून एवढी पत्रं आली की ह्या वेळी बाकीचे सगळे प्रश्न बाजूला ठेवलेत. आपलं बडोदं जेमतेम ३५ मीटर उंचीवरचं सपाट गाव, विश्वामित्रीला जरा पाणी वाढलं की सगळ्यांचा जीव वर येतो, आणि इथल्याच लोकांना डोंगराचं एवढं कुतूहल आहे ह्याचा मला फार आनंद झाला. तर ह्या अंकात फक्त डोंगर, आणि डोंगरावर जाऊन ज्यांनी विज्ञान केलं ती माणसं.

मांजलपूरहून एक आई विचारतात: ताई, सुट्टीत मुलाला घेऊन पावागडला गेलो. त्याच्या फोनमधे हवेचा दाब दाखवणारं अ‍ॅप आहे. सकाळी साडेनऊला घरी १००८ मिलिबार होता, माचीला ९६०, वर मंदिरापाशी ९२५. पोरगा एकदम खूश. पण पाच वाजता घरी आलो तर १००५च दाखवायला लागला, तेव्हापासून तो म्हणतोय फोन बिघडलाय, सगळेच आकडे खोटे. खरंच तसं आहे का? आणि डोंगरावर नेऊन दाब मोजायचं पहिल्यांदा सुचलं कुणाला?

फोन अगदी बरोबर आहे हो, आणि त्याला सांगा की घरी आल्यावर परत मोजलं हे त्याने सगळ्यात शहाणपणाचं काम केलं. आपल्या भागात हवेचा दाब रोज स्वतःहून वरखाली होतो, सकाळी दहाच्या सुमारास सगळ्यात जास्त आणि दुपारी चारच्या सुमारास सगळ्यात कमी, सूर्य वरची हवा तापवतो त्यामुळे वातावरणाला समुद्रासारखीच भरती-ओहोटी येते म्हणा ना. ३-४ मिलिबारचा फरक तर पाऊस-वादळ काही नसताना पण पडतो. म्हणजे गंमत अशी की तुम्ही वर असताना खाली बडोद्यात दाब १००८च होता की १००६ झाला होता हे तुम्हाला माहीतच नाही, कारण घरी बघायला कोणी नव्हतं.

आणि नेमकी हीच गोष्ट ज्याच्या लक्षात आली होती त्याच्यापासून आपली गोष्ट सुरू होते. फ्रान्समधे ब्लेझ पास्काल नावाचा गणिती होता, त्याला दाखवायचं होतं की पाऱ्याने भरलेली नळी पाऱ्याच्या वाटीत उलटी धरली की आतला पारा वर उभा राहतो तो बाहेरच्या हवेच्या वजनामुळे, मग उंचावर हवा कमी म्हणजे पारा पण कमीच चढायला हवा. तो स्वतः पॅरिसमधे, तिथे डोंगर नाही, तब्येत पण बरी नसायची. म्हणून त्याने बहिणीच्या नवऱ्याला, फ्लोरँ पेरिएला, पत्र लिहून विनंती केली की तुमच्या क्लेरमाँ गावाजवळ पुई द डोम डोंगर आहे त्यावर नळी घेऊन जा. दिवस होता १९ सप्टेंबर १६४८.

पेरिएने काय केलं ते नीट बघा. एकाच पाऱ्याने दोन नळ्या भरल्या, गावातल्या एका मठाच्या बागेत शेजारी शेजारी उभ्या केल्या, दोन्हीत पारा सारखाच, २६ इंच आणि साडेतीन रेषा (तेव्हा इंचाचे १२ भाग करायचे, त्या रेषा). मग एक नळी तिथेच ठेवली आणि शास्टँ नावाच्या पाद्रीबाबांना सांगितलं की दिवसभर इथे बसा, पारा हलतो का बघत राहा. दुसरी नळी घेऊन चारपाच साक्षीदारांबरोबर साधारण १००० मीटर चढले. वर पारा २३ इंच २ रेषा. पेरिएने लिहून ठेवलंय की सगळे चाटच पडले आणि खात्री करायला त्यांनी माथ्यावर पाचदा परत मोजलं, देवळाच्या आत, उघड्यावर, आडोशाला, वाऱ्यात, धुक्यात, दर वेळी तेच. उतरून आले तर शास्टँबाबा म्हणाले दिवसभर हवा सारखी पालटत होती पण पारा तसूभर हलला नाही.

मला विचाराल तर त्या दिवसाचं अर्धं श्रेय मी बागेत बसून राहिलेल्या शास्टँबाबांना देईन. ते नसते तर कोणीही म्हणालं असतं की हवा पालटली म्हणून पारा उतरला, तुमच्या मुलासारखंच. मी शाळेत शिकवायची तेव्हा लॅबमधे पाऱ्याची एक बाटली होती, वाटीभरच पारा असेल, पण उचलली की हात खालीच जायचा, मुलं दर वर्षी दचकायची. तसा पारा आणि माणसाच्या छातीला लागेल एवढी काचेची नळी घेऊन पाचदा पाचदा मोजणं, म्हणजे विचार करा. आणि हो, तुमच्या मुलाचा ८३ मिलिबारचा फरक पाऱ्यात मोजला तर ६ सेंटिमीटरच्या आसपास येतो, पेरिएचा साधारण साडेआठ आला होता. पावागड लहान आहे म्हणून, बाकी प्रयोग तोच.

पुढे ही पद्धतच पडली. जिनिव्हाचा शास्त्रज्ञ सोस्यूर १७८७च्या ३ ऑगस्टला आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर चढला, बरोबर १८ वाटाडे आणि पेट्या भरून यंत्रं, वर त्याने पाणी किती तापमानाला उकळतं ते मोजलं, सगळ्यांची नाडी मोजली, आकाश किती निळं आहे ते निळ्या रंगाच्या पट्ट्या लावून मोजलं. आणि त्याच वेळेला खाली शामोनी गावात त्याचा मुलगा बॅरोमीटर, म्हणजे दाब मोजायची तीच पाऱ्याची नळी, घेऊन बसला होता.

दांडिया बाजारातून एक निवृत्त गृहस्थ: डेहराडूनला गेलो होतो तिथे हिमालयाच्या भूशास्त्राची वाडिया इन्स्टिट्यूट बघितली. वडील सांगायचे की हे वाडिया आपल्या बडोदा कॉलेजचे. खरं आहे का हे, की वडिलांचं आपलं गावाचं प्रेम?

शंभर टक्के खरं आहे काका. दाराशॉ नोशेरवान वाडिया, जन्म १८८३, सुरतचा, पण अकराव्या वर्षाच्या सुमारास इथे आले ते शाळा-कॉलेज सगळं बडोद्यातच. आपण रोज ज्या घुमटाखालून स्कूटर काढतो ना, त्या बडोदा कॉलेजात प्रोफेसर अदरजी मसानी निसर्गशास्त्र शिकवायचे, त्यांनी ह्या पोराला वनस्पती, प्राणी, दगड सगळ्याची गोडी लावली. १९०७ साली वाडिया जम्मूच्या कॉलेजात भूशास्त्र शिकवायला गेले आणि १४ वर्षं तिथेच राहिले. सुट्टी लागली की मुलांना घेऊन शिवालिकच्या टेकड्यांत भटकायचे, तिथेच त्यांना स्टेगोडॉन ह्या लाखो वर्षांपूर्वीच्या हत्तीचा जवळजवळ ३ मीटर लांब सुळा मिळाला, कवटीसकट. त्या जातीचं शास्त्रीय नाव काय माहितीये, स्टेगोडॉन गणेसा! आपल्या गणपतीवरून ठेवलेलं.

हिंदुस्थानच्या भूशास्त्रावर मुलांना वाचायला धड पुस्तक नव्हतं म्हणून १९१९ मधे त्यांनी स्वतःच लिहिलं, ते पुढे कित्येक पिढ्यांनी वाचलं. १९२१ला सरकारी भूशास्त्र खात्यात गेले तेव्हा वय ३८, आणि खरं मोठं काम त्यानंतरचं. हिमालयाच्या रांगा पूर्वेकडून येतात आणि काश्मीरच्या वर नंगा पर्वताशी एकदम वळून दक्षिणेला उतरतात, साडीचा पदर कोपरावरून घेतो तसा. सगळ्यांना वाटायचं तिथे दोन वेगळे डोंगर येऊन भिडलेत. वाडियांनी पायी हिंडून थरामागून थर नकाशावर उतरवले आणि १९३१ मधे दाखवलं की नाही, तेच थर आहेत, तेच वाकून पलीकडे गेलेत, कारण आपल्या द्वीपकल्पाच्या जुन्या कठीण खडकाची एक जीभ खाली पंजाबच्या गाळाखालून उत्तरेला घुसली आहे आणि डोंगर तिच्याभोवती गुंडाळले गेलेत. भूखंड सरकतात हे सगळ्यांनी मान्य करायच्या तीसएक वर्षं आधीची गोष्ट आहे ही. १९५७ला ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. इन्स्टिट्यूट १९६८ला दिल्लीत सुरू झाली, पुढच्याच वर्षी वाडिया गेले, १९७६ला ती डेहराडूनला हलली आणि तिला त्यांचं नाव मिळालं.

कमाटीबागेच्या म्युझियममधे पोरं व्हेलचा सांगाडा बघायला धावतात आणि दगडांच्या कपाटांसमोर कोणी थांबत नाही. काका, नातवंडांना घेऊन गेलात तर पाच मिनिटं तिथे थांबा आणि हे सांगा त्यांना, प्लीज.

कारेलीबागहून नववीतली एक मुलगी: हिमालय एवढा जड आहे तर खालची जमीन दबत कशी नाही?

किती सुंदर प्रश्न विचारलास गं. दबते, बाळा. आणि हे कळलं कसं ते सांगते, कारण त्यातलं अर्धं उत्तर हिमालयात सापडलंच नाही, ते सापडलं आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, सिरोंजजवळच्या कल्याणपूर नावाच्या खेड्यात.

गवंडी भिंत सरळ आहे का बघायला दोरीला वजन बांधून सोडतो, ओळंबा म्हणतात त्याला. ओळंबा सरळ खाली जातो कारण पृथ्वी ओढते. पण शेजारी मोठा डोंगर असेल तर तो पण आपल्याकडे किंचित ओढणार ना? १७७४ मधे स्कॉटलंडात शिहॅलियन नावाच्या डोंगराच्या दोन्ही बाजूंना हे मोजून बघितलं होतं, खरंच ओळंबा कलतो, आणि त्यावरून त्या लोकांनी अख्ख्या पृथ्वीची घनता काढली.

आता आपल्याकडे मोजणी खात्याचे प्रमुख जॉर्ज एव्हरेस्टसाहेब ह्यांच्या हाताखाली सगळ्या देशाची मोजणी चालली होती. कल्याणपूर हे त्यातलं मुख्य ठाणं, देशाचे नकाशे कित्येक वर्षं त्या एका जागेला धरून काढले गेले. तिथून सरळ उत्तरेला साधारण ६०० किलोमीटरवर मुझफ्फरनगरजवळ कलियाना. ह्या दोन ठिकाणांमधलं अंतर दोन रीतींनी काढलं, एकदा जमिनीवर त्रिकोण जोडत जोडत आणि एकदा ताऱ्यांची उंची बघून. पहिल्या रीतीने आलं ५ अंश २३ मिनिटं ४२.२९४ सेकंद, दुसऱ्या रीतीने सेकंद आले ३७.०५८. फरक ५.२३६ सेकंदांचा. कोनाचा सेकंद म्हणजे एका अंशाचा ३६००वा भाग, म्हणजे हा फरक जमिनीवर जेमतेम १६० मीटरचा, ६०० किलोमीटरमधे १६० मीटर! दुसरं कोणी असतं तर जाऊ दे म्हणालं असतं.

कलकत्त्याला जॉन प्रॅट नावाचे पाद्री होते, गणितात एकदम पक्के. ते म्हणाले ताऱ्याची उंची मोजताना ओळंबा लागतो, कलियाना हिमालयाच्या जवळ, तिथला ओळंबा जास्त कलला असणार, म्हणून फरक पडला. मग त्यांनी हिमालय आणि तिबेटचं वजन अंदाजाने मांडून हिशोब केला की फरक किती पडायला हवा होता, तर उत्तर आलं १५.८८५ सेकंद. तिप्पट! म्हणजे कोडं सुटायच्या ऐवजी उलटंच झालं, एवढा मोठा हिमालय आणि ओढतो तिसऱ्या हिश्शाने. मग बाकीचं वजन गेलं कुठे?

हे छापून आलं १८५५ मधे आणि त्याच वर्षी इंग्लंडचे शाही खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी ह्यांनी उत्तर दिलं. आईला विचारून एका घंगाळात पाणी भर आणि त्यात लाकडाचे दोन तुकडे सोड, एक जाड, एक पातळ. जाड तुकडा पाण्याच्या वर जास्त दिसेल, पण खाली पण तोच जास्त खोल बुडालेला असेल. एअरीने अशीच पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांची उपमा दिली होती. डोंगराला खाली मूळ असतं, हलक्या खडकाचं, ते खालच्या जड खडकात खोल रुतलेलं असतं, म्हणजे तिथे जड दगडाच्या जागी हलका दगड आला, म्हणून एकूण ओढ कमी भरते. प्रॅट ह्यांनी नंतर वेगळा विचार मांडला, की डोंगराखालचा खडकच विरळ आहे. दोन्हीत तथ्य निघालं, पण हिमालयापुरतं बघायचं तर एअरीचं जास्त लागू पडतं, तिबेटखाली पृथ्वीचं कवच ७० किलोमीटरच्या आसपास जाड आहे, आपल्या मैदानांखाली त्याच्या साधारण निम्मं. आणि गंगेचं मैदान आहे ना, तिथली जमीन हिमालयाच्या भाराने खरंच वाकून खाली गेली, तो खळगा नद्यांनी गाळाने भरला, म्हणून तर ते एवढं सपाट दिसतं. तुझा प्रश्न अगदी बरोबर होता हे लक्षात ठेव.

पादऱ्याहून एक शेतकरी: हिमालयात बर्फ जास्त पडला की आपल्याकडे पाऊस कमी, असं टीव्हीवर ऐकलं. तथ्य आहे का?

आहे, आणि जुनं आहे. हेन्री ब्लॅनफर्ड हे आपल्या हवामान खात्याचे पहिले प्रमुख, १८७५ सालचे. त्यांनी १८८४ मधे हिमालयातला बर्फ आणि हिंदुस्थानातला दुष्काळ ह्यांचा संबंध मांडला, कारण बर्फ वितळवण्यात उन्हाची उष्णता खर्च होते, जमीन उशिरा तापते, मग समुद्रावरची हवा ओढून घ्यायचा जोर कमी पडतो. त्यावरूनच ४ जून १८८६ला देशाचा पहिला मोसमी अंदाज निघाला. पण नुसत्या बर्फावर विसंबून पेरणीचं ठरवू नका हं दादा, नंतर कळलं की प्रशांत महासागराचा एल निनो त्याहून भारी पडतो.

अलकापुरीहून एक कॉलेजकन्या: हे सगळे पुरुषच. डोंगरावरच्या संशोधनात बायका नव्हत्याच का?

होत्या, आणि जिच्याबद्दल सांगायला मी कधीची बसले आहे ती आपल्या जवळचीच. बिभा चौधुरी, जन्म १९१३, कलकत्त्याची. १९३६ला फिजिक्समधे एम.एस्सी. झाली तेव्हा वर्गात ही एकटीच मुलगी. बोस इन्स्टिट्यूटमधे देबेंद्रमोहन बोस ह्यांच्याबरोबर तिने काम घेतलं विश्वकिरणांचं. अवकाशातून सारखे कण येत असतात, पण खाली येईपर्यंत हवेत बरेचसे अडतात, म्हणून शक्य तेवढं उंच जायचं. मोठी यंत्रं काही नव्हती, तर ह्या लोकांनी काय केलं, फोटोच्या काचपट्ट्या घेतल्या आणि दार्जिलिंगला आणि १२००० फुटांवर सांदकफूला महिनेच्या महिने नुसत्या ठेवून दिल्या. कण पट्टीच्या मसाल्यातून गेला की मागे बारीक ठिपक्यांची रांग उरते. पट्ट्या धुवायच्या आणि मग मायक्रोस्कोपला डोळा लावून ठिपका ठिपका मोजत बसायचं, दोन ठिपक्यांत अंतर किती, रांग वाकली किती, ह्यावरून कणाचं वजन काढायचं. इलेक्ट्रॉनच्या साधारण २०० पट वजनाचा कण त्यांना दिसला आणि १९४० ते ४२ मधे त्यांचे लेख नेचर ह्या विज्ञानाच्या नियतकालिकात आले. पण महायुद्ध चाललेलं, ज्या जास्त चांगल्या पट्ट्या हव्या होत्या त्या मिळेनात, काम तिथेच अडलं. १९४७ मधे ब्रिस्टलच्या पॉवेल ह्यांच्या गटाने सुधारलेल्या पट्ट्या फ्रान्सच्या पिक द्यू मिदी आणि बोलिव्हियाच्या चाकालताया ह्या डोंगरांवर ठेवल्या, पाय मेसॉन नावाचा कण सापडला, १९५०चं नोबेल पॉवेलना. बोस आणि चौधुरी ह्यांनी ही वाट आधी दाखवली होती हे त्यांनी पुढे पुस्तकात लिहून मान्य केलं.

मला ह्या गोष्टीचा फार त्रास होतो, खरं सांगते. ती १९४९ला मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटमधे आली, तिथली पहिली स्त्री संशोधक, नंतर आपल्या अहमदाबादच्या पीआरएलमधे, म्हणजे फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीत, पण कित्येक वर्षं होती, इथून दोन तासांवर, आणि आम्हाला शाळा-कॉलेजात एकदाही तिचं नाव कोणी सांगितलं नाही. १९९१ला ती गेली. २०१९ला एका ताऱ्याला तिचं नाव दिलं, बिभा.

वाडीतून एक आजोबा: वय ७९. गुडघे गेले, पावागडला रोपवेने जातो पण पुढच्या पायऱ्या आता होत नाहीत. डोंगराचं विज्ञान आम्ही आता नुसतं वाचायचंच ना?

आजोबा, राधानाथ सिकदरांचं नाव ऐकलं असेल. मोजणी खात्यात ते मुख्य गणक होते, बसायचे कलकत्त्याला, शिवाय तिथली हवामानाची वेधशाळा पण सांभाळायचे. नेपाळात शिरायला परवानगी नव्हती म्हणून शिखर नंबर १५चे, म्हणजे आजच्या एव्हरेस्टचे, कोन घेतले होते तराईच्या मैदानातून, दीडदोनशे किलोमीटर लांबून, वेगवेगळ्या सहा ठिकाणांहून. हवेतून येताना उजेड वाकतो, पृथ्वीला गोलाई आहे, ते सगळं धरून ह्या माणसाने कागदावर हिशोब केला, १८५२च्या सुमारास, आणि १८५६ला जाहीर झालं २९००२ फूट, म्हणजे ८८४० मीटर. आज आपण एव्हरेस्टची उंची ८८४८.८६ मीटर धरतो. नऊ मीटरचासुद्धा फरक नाही, आणि सिकदर त्या डोंगराच्या जवळपास पण कधी गेले नव्हते.

तेव्हा नुसतं वाचायचं नाही, तुमच्यासाठी माझ्याकडे काम आहे. वर ज्या मांजलपूरच्या ताई आहेत त्यांना मी कळवलंय की जानेवारीत परत पावागडला जा आणि ह्या वेळी खाली कोणाला तरी बसवा. त्यांच्या घरी मागे कोणी राहत नाही. तुमच्या नातवाच्या फोनमधे दाबाचं अ‍ॅप चालतं का बघून ठेवा, काही फोनमधे ती सोय नसते. निघायच्या आधी मुलगा तुमच्याकडे येईल, दोन्ही फोन शेजारी ठेवून आकडे सारखे आहेत का बघा, फरक असेल तर तो लिहून ठेवा. मग सकाळी ८ पासून संध्याकाळी ५ पर्यंत दर अर्ध्या तासाने घड्याळ बघून वहीत आकडा लिहायचा, फोन एकाच जागी, खिडकीशी टेबलावर, वर गच्चीत न्यायचा नाही. चहाला उठलात तरी चालेल पण अर्धा तास चुकवू नका. दोन्ही वह्या माझ्याकडे पाठवा, फेब्रुवारीच्या अंकात शेजारी शेजारी छापते.